नळीमावशीचा साका

शाळेतल्या मुली तिला नळीमावशी म्हणायच्या. पाण्याच्या नळावरून नव्हे, काचेच्या परीक्षानळीवरून. सव्वीस वर्षं तिनं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या होत्या. एवढ्या वर्षांत फुटलेल्या नळ्यांपैकी निम्म्या मुलींनी फोडल्या आणि निम्म्या शिकवणाऱ्यांनी, असं ती छातीवर हात ठेवून सांगायची. तिच्या हातून एकच गेली होती, आणि ती आधीच तडकलेली होती.

नळी धुणं म्हणजे बशी विसळणं नव्हे. ब्रश पार बुडापर्यंत दाबला तर तारेचं टोक काच फोडून बाहेर येतं. बुडाच्या केसभर अलीकडं थांबायचं, मनगटानं दोन फिरक्या द्यायच्या, पाणी ओतायचं आणि नळी उजेडाकडं धरायची. पाणी सलग ओघळलं तर नळी स्वच्छ. थेंब थेंब होऊन काचेला चिकटलं तर आत तेलकटपणा राहिलाय, पुन्हा घासायची. हे सगळं तिच्या मनगटात इतकं मुरलं होतं, की डोक्याला त्याची खबरही नसायची. मुलींचा तास संपून घंटा व्हायच्या आत नळ्या घोडीवर, म्हणजे खुंट्यांच्या लाकडी स्टँडवर, उलट्या टांगलेल्या असायच्या. मावशीच्या हाती लागलेली नळी अंघोळ करूनच सुटते, असं मुली म्हणायच्या.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. काळ्या फरशीची तीन टेबलं, खिडकीखाली मोरी, भिंतीला काचेचं कपाट आणि कपाटात रसायनांच्या बाटल्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तिनं कधी वाचल्या नाहीत. तिचं माहेर रंगाऱ्याचं. बाप कापड रंगवायचा, आणि रंग पक्का बसावा म्हणून लागणारे सगळे क्षार घरातच कोनाड्यात असायचे. तेव्हा कॉपर सल्फेट तिच्या लेखी मोरचूद होतं, फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, अमोनिअम क्लोराइड म्हणजे नवसागर. विज्ञानाच्या नव्या बाई रुजू झाल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी कॉपर सल्फेट मागितलं.

"कुठलं देऊ?" तिनं विचारलं. "खड्याचं मोरचूद की पूड?"

"मला कॉपर सल्फेट हवंय, मावशी."

"तेच विचारतेय."

बाई तिच्या भाचीच्या वयाच्या होत्या. हसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही मोरचूदच म्हणू लागल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून पत्रक आलं. ज्यांनी दहावीला विज्ञान विषय घेऊन परीक्षा पास केली नाही, अशा कोणालाही यापुढं प्रयोगशाळेत ठेवायचं नाही. मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. कागद तीनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

"तुमचं दहावीचं काय झालं होतं मावशी?"

"सगळे विषय सुटले होते. विज्ञान अडकलं."

"किती होते?"

"एकोणतीस."

"मग ते सोडवून टाका. वर्षभराची मुदत आहे. बाहेरून बसता येतं. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तुम्हाला ग्रंथालयात घ्यावं लागेल. काम काही वाईट नाही, पुस्तकं झटकायची, कपाटं लावायची."

"आणि नळ्या कोण धुणार?"

"कोणीतरी शिकलेला माणूस देतील."

त्या दिवशी चोचीची भांडी, म्हणजे पुस्तकातली चंचुपात्रं, घासताना तिनं इतका जोर लावला, की त्यांच्यावरचे आकडे पुसट झाले. पुस्तकांशी तिचं भांडण नव्हतं. पण पुस्तक धुता येत नाही, आणि कोणा शिकलेल्या माणसानं तिच्या नळीत ब्रश बुडापर्यंत खुपसलाय, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पन्नाशीला आलेल्या बाईनं दहावीचा फॉर्म भरला तो त्या ब्रशापायी.

घर म्हणजे नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानामागची दीड खोली. नवरा शिंपी, खिडकीपाशी मशीन. कोपऱ्यात सासूबाईंची खाट. सासूबाईंची नजर अधू झाली होती, पण कान असे तिखट, की शेजारच्या घरात सुई पडली तरी त्यांना कितव्या नंबरची ते कळावं. शाळा सुटून ती घरी आली की चहा व्हायचा आणि उजळणी सुरू व्हायची. पुस्तक मशीनच्या पाटावर उघडं. नवरा एकीकडं काजं करायचा आणि एकीकडं प्रश्न विचारायचा.

"सांग, विसरण म्हणजे काय?"

ती गवार निवडायची थांबली. छताकडं पाहिलं. पुस्तकातलं पान दिसत होतं, पानावरची आकृती दिसत होती, अक्षरं मात्र एकही नाही.

"विसरले," ती म्हणाली.

"बरोबर," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "ते तर तिला फार चांगलं येतं."

नवऱ्याला इतकं हसू आलं, की सुई बोटात घुसली. बोट चोखत त्यानं उत्तर वाचलं. "कण दाटीवाटीच्या जागेकडून मोकळ्या जागेकडं पसरतात, त्याला विसरण म्हणतात. पाण्यात शाईचा थेंब टाकल्यावर होतं ते."

"मग पसरण म्हणा की. माणसाला कोड्यात कशाला टाकायचं?"

"मला विचारू नकोस. मी लिहिलेलं नाही."

आम्लारी हा शब्द तिच्या जिभेवर बसेना. कधी आमलारी, कधी अल्मारी. शेवटी विज्ञानाच्या बाईंनी शाळा सुटल्यावर फळ्यावर फोड करून दाखवली. आम्ल अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू. आम्लाचा शत्रू तो आम्लारी. हे तिला एकदम पटलं. घरी येऊन तिनं ते ऐटीत सांगितलं, आणि पुढं असंही, की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं आणि त्या क्रियेला उदासिनीकरण म्हणतात.

"शत्रू समोरासमोर आले तर मारामारी व्हायची," सासूबाई म्हणाल्या. "उदास कशाला होतील?"

"दोघांचाही जोर संपतो म्हणून."

"मग आमच्या घरात हे रोजच होतं," नवरा म्हणाला.

"तुमचा जोर होता कधी?" ती म्हणाली, आणि गवारीचं ताट घेऊन आत गेली.

जीवशास्त्रानं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. पेशीपर्यंत ठीक होतं. केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, ही मंडळी आपापल्या जागी बसून आपापलं काम करतात, हे शाळेच्या ऑफिससारखं होतं. पण हृदयात तिची गाडी रुतली. पुस्तकातल्या चित्रात हृदयाचा उजवा कप्पा आपल्या डाव्या हाताला असतो. ती रोज उजव्याला डावा म्हणायची आणि रोज अशुद्ध रक्त थेट हातापायांत सोडायची.

"आज परत माणूस मेला," नवरा पुस्तक मिटून म्हणायचा.

एका रविवारी त्यानं काही न बोलता कात्री घेतली. गणवेशाचं उरलेलं निळं कापड, अस्तराचं लाल कापड. दोन निळे कप्पे, दोन लाल कप्पे, मधे पक्की शिवण. वरच्या अलिंदातून खालच्या निलयात जायच्या वाटेवर त्यानं खिशाला लावतात तशा झडपा शिवल्या, आत ढकललं की उघडणाऱ्या, बाहेर ओढलं की मिटणाऱ्या. मग ते हृदय तिच्या अंगापाशी धरलं.

"हे बघ. शिंपी उजवी बाही म्हणतो ती कोणाची?"

"घालणाऱ्याची."

"बघणाऱ्याची नाही ना? मग हृदयही घालणाऱ्याचंच. पुस्तकातला माणूस तुझ्यासमोर माप द्यायला उभा आहे असं समज."

ती बराच वेळ बोट निळ्यातून घालून, फुप्फुसाला वळसा मारून, लालमधून बाहेर काढत बसली. सासूबाईंनीही ते हृदय मागून घेतलं आणि चाचपून पाहिलं. "झडपा चांगल्या केल्यास," त्या मुलाला म्हणाल्या. "माझ्यातल्या बदलता येतील का बघ." त्यानंतर त्या घरात अशुद्ध रक्तामुळं कोणी दगावलं नाही.

खरी अडचण लिहिण्याची होती. तिला सगळं माहीत असायचं, पण ते तिच्या हातांना माहीत असायचं, आणि हात लेखणी धरायला तयार नसत. बाई रोज अर्धा तास थांबून तिच्याकडून लिहून घ्यायच्या. एकदा प्रश्न घातला, गंज म्हणजे काय ते स्पष्ट करा. तिनं लिहिलं, "गंज नळीला बसतो. विरल आम्लानं निघतो. मग दोनदा साध्या पाण्यानं धुवावे."

बाईंनी वाचलं आणि हातावर कपाळ टेकलं.

"मावशी, यात एक शब्दही खोटा नाही. पण याला गुण मिळत नाहीत."

"का?"

"तेच. तुम्ही काय करायचं ते लिहिता. का होतं, ते लिहीत नाही. प्रत्येक ओळीनंतर स्वतःला 'का' विचारा."

"सव्वीस वर्षांत मला कोणी 'का' विचारलं नाही हो बाई. 'झालं का' एवढंच विचारलं."

लेखी परीक्षा कशीबशी पार पडली. ऐंशी गुणांचा पेपर. घरी येऊन तिनं हिशेब घातला, पंचवीसच्या आसपास येतील, फार तर. पास व्हायला शंभरात पस्तीस. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वीसांपैकी निदान दहा हवेत, आणि प्रात्यक्षिक तर हातचा मळ. तिथं अठरा कुठं गेले नाहीत, असं नवरा म्हणाला. तिलाही तसंच वाटत होतं.

बाहेरून बसणाऱ्यांच्या प्रात्यक्षिकाचं केंद्र तिच्याच शाळेत आलं. मोठ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, की त्या दिवशी ती परीक्षार्थी, कशालाही हात लावायचा नाही, सगळी मांडामांड बाई करतील. कपाटाची किल्लीही तिनं बाईंकडं दिली. सकाळी ती इतरांसारखी दारातून आत आली आणि आधी मांडामांड बघितली. घोडी भलत्याच टेबलावर. चिमटे उताणे. मोरीपाशी ओलं फडकं बोळा करून टाकलेलं. ती मुठी वळून बाकावर बसली. शेजारी एक बसचा कंडक्टर होता, चाळिशीचा, आडदांड, आणि हातातलं चंचुपात्र उलटंसुलटं करून बघत होता.

"तुम्हाला येतं का हो काही?" त्यानं हळूच विचारलं.

"येतं थोडंफार."

"मला तिकीट फाडायला सांगितलं तर फाडीन. हे काही आपलं काम नाही."

परीक्षक किडकिडीत, मोजकं बोलणारे. प्रत्येकाला एक द्रावण दिलेलं, त्यात सोडिअम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं, तळाशी जो साका बसेल, म्हणजे पुस्तकातला अवक्षेप, तो दाखवायचा आणि निरीक्षण लिहायचं. मग कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवायच्या. मग तोंडी.

तिचं द्रावण निळं. तिनं बघताक्षणी ओळखलं. थेंब सोडले, आकाशी साका दह्यासारखा घट्ट उतरला. निरीक्षणाच्या रकान्यात तिनं तीन ओळी लिहिल्या, 'का' सकट. उठून सूक्ष्मदर्शकाशी गेली, पापुद्रा असा पातळ काढला की परीक्षकांनी दोनदा डोळा लावला. परत आली तेव्हा सोबतचे बहुतेक अजून पहिल्याच प्रयोगात अडकले होते. कंडक्टर कांद्याशी झटापट करायला गेला होता. ती मोरीपाशी उभी राहून पुढच्या बोलावण्याची वाट बघू लागली. मनात तोंडी परीक्षेची उजळणी चालू होती, उजवा अलिंद, उजवा निलय, फुप्फुस.

परीक्षक फिरत फिरत मोरीपाशी आले.

"अवक्षेप दाखवा."

तिनं नळी पुढं केली. नळी लखलखत होती.

"ही कोरी आहे," ते म्हणाले.

"कोरी नाही, धुतलेली आहे."

"मी बघायच्या आत धुतली?"

"प्रयोग झाला की धुवायचीच," ती म्हणाली, आणि आपणच बोललेलं आपल्या कानांवर आलं तेव्हा तिनं खाली पाहिलं. ब्रश तिच्या हातात होता. बाही कोपरापर्यंत ओली होती. तेवढ्यात कंडक्टर परत आला आणि आपल्या घोडीकडं बघत राहिला.

"माझी नळी?"

ती घोडीवर उलटी टांगलेली होती. पाण्याचा शेवटचा थेंब नुकता गळत होता.

"मावशी," कंडक्टर रडवेला होऊन म्हणाला, "हिरवा साका होता हो त्यात. जन्मात पहिल्यांदा माझं काही पुस्तकासारखं आलं होतं."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं उरली होती. पुन्हा करायला हरकत नाही, ते म्हणाले. पण सोडिअम हायड्रॉक्साइडची बाटली तिरपी केली तर बुडाशी अर्धं बोट द्रावण. बाईंनी मोजून तेवढंच बाहेर काढलं होतं. भरलेली बाटली कपाटात तिसऱ्या फळीवर मागच्या रांगेत होती, हे खोलीतल्या सगळ्यांत जास्त तिला माहीत होतं. पण परीक्षा सुरू झाल्यावर कपाट उघडायचं नाही, हा नियम परीक्षकांनी सकाळीच वाचून दाखवला होता.

"एकाचंच होईल," परीक्षक म्हणाले. "कोण करतंय?"

"त्यांना द्या," ती म्हणाली.

"तुम्हाला नको?"

"माझी नळी मी धुतली. त्यांची पण मीच धुतली."

कंडक्टरनं बाटली घेतली. त्याचा हात असा थरथरत होता, की पहिले दोन थेंब फरशीवर पडले. तिच्या ओठांवर आलं होतं, मनगट टेबलाला टेकवा, पण दुसऱ्याला सांगायची मुभा नव्हती. तिनं नुसतं आपलं मनगट टेबलाला टेकवलं. त्यानं बघितलं आणि तसंच केलं. हिरवा साका उतरला. परीक्षकांनी त्याच्या कागदावर खूण केली आणि तिच्याकडं वळले.

"तुम्हाला अवक्षेपाचे गुण देता येणार नाहीत. मी तो पाहिलेला नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. तिला खरंच ते बरोबर वाटलं होतं, आणि त्याच वेळी ग्रंथालयाची कपाटंही दिसू लागली होती.

"आता तोंडी. यांच्या नळीत कोणतं द्रावण होतं?"

"हिराकस." मग घाईनं, "फेरस सल्फेट."

"कशावरून?"

"शेवाळी साका आहे त्याचा. आता असा दिसतोय, पण तो तसा राहत नाही. ठेवून बघा, मधली सुट्टी संपेपर्यंत वरची कड तांबूस होते. रात्रभर राहिला तर नळीला तांबडं कडं धरतं. पाण्यानं जात नाही मग, विरल आम्ल घालावं लागतं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "तांबूस का होते?"

"हवा लागून."

"हवेतलं काय लागून? आणि त्याला पुस्तकात काय म्हणतात?"

पान दिसत होतं, आकृती दिसत होती. अक्षरं नव्हती. तिनं डोळे मिटले आणि नळीचं कडं डोळ्यांसमोर आणलं. मग म्हणाली, "ऑक्सिजन. ऑक्सिडीकरण."

"आणि आम्लानं ते कडं का निघतं?"

हे पुस्तकात नव्हतं. बाईंनीही घातलं नव्हतं. ती मोरीकडं बघत राहिली.

"ते कडं आम्लारीच्या जातीचं आहे," ती सावकाश म्हणाली. "आम्लाला भेटलं की त्याचा क्षार होतो. क्षार पाण्यात विरघळतो. पाणी ओतलं की नळी मोकळी." ती थांबली. "म्हणजे हे उदासिनीकरण झालं."

"झालं," परीक्षक म्हणाले.

"मी रोज करते हे."

"दिसतंय," ते म्हणाले, आणि हृदयावर एक प्रश्न विचारून पुढच्या बाकाकडं गेले.

निकाल लागायला दोन महिने गेले. तेवढ्या दिवसांत ती ग्रंथालयात जाऊन दोनदा कपाटं पाहून आली. निकालाच्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद तिच्या हातात दिला. लेखी चोवीस, प्रात्यक्षिक बारा. तिनं कागद घरी नेऊन मशीनच्या पाटावर ठेवला.

"छत्तीस," नवऱ्यानं वाचलं. "लागायचे पस्तीस. हा एक जास्तीचा कशाला घेऊन आलीस?"

"शिवणीत सोडायला. तुम्हीच म्हणता ना, कापड थोडं जास्त असावं."

"आणि माझे किती?" खाटेवरून सासूबाईंनी विचारलं. "पाठ तर मलाही सगळं होतं."

त्यांना पाचशे मिळाल्याचं त्यानं सांगितलं. एवढे कमी कसे, म्हणून त्या जेवणापर्यंत कुरकुरत होत्या.

प्रयोगशाळा तिच्याकडंच राहिली. वरून दुसरं पत्रक आलं, त्यात तिचा हुद्दा परिचराऐवजी सहायक असा झाला होता, आणि सहायकाला बसायला खुर्ची द्यायची असते असंही लिहिलेलं होतं. शिपायानं खुर्ची आणून दारात ठेवली. चांगली होती, हातांची. सव्वीस वर्षांत त्या खोलीत ती कधी बसली नव्हती, त्यामुळं खुर्ची ठेवायची कुठं ते तिला कळेना. मोरीपाशी भिजेल, कपाटापाशी दार अडेल, टेबलांमध्ये मुली अडखळतील. दोन दिवस खुर्ची दारातच राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं ती ओढून आत घेतली, वर चढली आणि इतक्या वर्षांत हात न पोचलेल्या वरच्या फळीवरची कोळ्यांची जाळी काढायला लागली.